मानसशास्त्राच्या प्रयोग अहवालाला गुण कसे मिळतात: पहिला अहवाल लिहिणाऱ्यांसाठी

मानसशास्त्राचा पहिला प्रयोग अहवाल लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला बहुधा एकच काळजी असते: माझा प्रयोग ‘बरोबर आला’ का? शाळेतल्या प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठरलेलं असायचं आणि ते आलं नाही तर गुण जायचे. ती सवय इथे आडवी येते. मानसशास्त्राच्या अहवालात परीक्षक एक सलग धागा शोधत असतो. प्रश्न काय होता, तो का पडला, त्याचं उत्तर मिळेल अशी प्रयोगाची मांडणी केली का, आलेले आकडे काय सांगतात, आणि काढलेला निष्कर्ष त्या आकड्यांना पेलतो का. धागा जिथे तुटतो तिथे गुण जातात. निकाल अपेक्षेच्या उलट आला, एवढ्या कारणाने गुण जात नाहीत.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर बेतलं आहे, म्हणजे तपासणारा नेमकं काय पाहतो ते दिसेल. उदाहरण स्ट्रूप परिणामाचं. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असताना शाईचा रंग सांगायचा म्हटलं की माणूस अडखळतो आणि त्याला जास्त वेळ लागतो. हा प्रयोग बहुतेक अभ्यासक्रमांत असतो, करायला सोपा आहे, आणि अहवालात चुकायच्या जागा त्यात भरपूर आहेत.

पायरी १: निकषपत्रक आधी वाचा

गुण कशाला किती, हे सांगणारं निकषपत्रक किंवा रुब्रिक बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमासोबतच मिळतं. बरेच विद्यार्थी ते अहवाल दिल्यावर, किंवा गुण कमी पडल्यावर उघडतात. लिहायला बसण्याआधी ते समोर ठेवा.

निकषपत्रकं साधारण दोन प्रकारची असतात. एका प्रकारात प्रत्येक भागाला वेगळे गुण असतात: प्रस्तावनेला इतके, पद्धतीला इतके, चर्चेला इतके. दुसऱ्या प्रकारात पूर्ण अहवाल वाचून एकच श्रेणी दिली जाते आणि प्रत्येक श्रेणीचं वर्णन दिलेलं असतं. पहिल्या प्रकारात एखादा भाग राहून गेला तर त्याचे गुण सरळ शून्य होतात, दुसरा भाग कितीही सुंदर असला तरी. दुसऱ्या प्रकारात सगळ्यात कच्चा भाग संपूर्ण अहवालाची श्रेणी खाली ओढू शकतो. तुमचा अभ्यासक्रम कोणता प्रकार वापरतो हे कळलं की वेळ कुठे घालायचा ते ठरवता येतं.

श्रेणीच्या वर्णनातले शब्द नीट पाहा. खालच्या श्रेणींत ‘वर्णनात्मक’, ‘माहिती दिली आहे’ असे शब्द असतात, वरच्या श्रेणींत ‘विश्लेषण’, ‘चिकित्सक मूल्यमापन’, ‘पुराव्याशी सांगड’. मधल्या आणि वरच्या श्रेणीतलं अंतर याच शब्दांत असतं. माहिती जास्त भरली म्हणून अहवाल वरच्या श्रेणीत जात नाही. त्या माहितीचं तुम्ही काय केलंत, यावर ते ठरतं.

निकषपत्रक का लागतं याचं उत्तरही संशोधनातच आहे. १९१२ साली स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. त्यातल्या एकीला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. उत्तरपत्रिका तीच, फक्त तपासणारे वेगळे. पुढे १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी ‘हॅलो इफेक्ट’ मांडला: एखाद्या माणसाचा एक गुण चांगला वाटला की त्याच्या बाकीच्या गुणांनाही आपण नकळत वर चढवतो. या दोषांना आळा घालण्यासाठी आज निकष लेखी असतात, पुष्कळ ठिकाणी अहवालावर नावाऐवजी क्रमांक घालायला सांगतात, आणि काही अहवाल दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेतले जातात. तुम्ही यातून एवढंच घ्यायचं की परीक्षकाला निकषपत्रकाच्या ओळीसमोर खूण करता आली पाहिजे. पुरावा तुमच्या अहवालात असेल आणि शोधायला लागेल अशा जागी असेल, तर तो सापडेलच याची खात्री नसते.

पायरी २: अहवाल छापायच्या क्रमाने लिहू नका

वाचणाऱ्याला अहवाल शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पद्धती, निकाल, चर्चा, संदर्भसूची, परिशिष्ट या क्रमाने मिळतो. लिहिताना पद्धतीपासून सुरू करा, कारण ती आठवणीत ताजी असते. मग निकाल, मग प्रस्तावना, मग चर्चा. सारांश आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. परिकल्पना, म्हणजे निकाल काय येईल याचा तपासता येणारा अंदाज, मात्र प्रयोग करण्याआधीच लिहून ठेवलेली हवी. निकाल पाहून परिकल्पना बदलायची आणि ‘आम्हाला हेच अपेक्षित होतं’ असं लिहायचं, ही लबाडी प्रस्तावना आणि पद्धती यांचा मेळ बसत नाही तिथे उघडी पडते.

पायरी ३: पद्धतीच्या भागातले हातचे गुण

या भागाला एकच कसोटी असते. ज्याने तुमचा प्रयोग पाहिलेला नाही, त्याला केवळ हे वाचून तो तसाच्या तसा पुन्हा करता आला पाहिजे. ही कसोटी मनात ठेवून लिहिलं तर सहज गुण मिळतात, आणि विद्यार्थी सर्वात जास्त गुण घाईने गमावतात तेही इथेच.

‘सहभागींना रंगांच्या याद्या दाखवल्या आणि वेळ मोजला.’ अहवाल तपासताना असं वाक्य वाचलं की माझ्या मनात प्रश्नांची रांग लागते. यादीत शब्द किती होते? रंग किती आणि कोणते? तोच रंग लागोपाठ दोनदा येऊ दिला होता का? अक्षरांचा आकार केवढा होता, यादी कागदावर होती की पडद्यावर? वेळ कोणी मोजला, कशाने, आणि घड्याळ नेमकं कधी सुरू केलं? चूक झाली तर सहभागीला थांबवून दुरुस्त करायला लावलं, की पुढे जाऊ दिलं? सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत दिल्या का? ही सगळी माहिती तुमच्याकडे असते, फक्त ती कागदावर उतरलेली नसते.

आराखडा एका वाक्यात स्पष्ट सांगा. स्वतंत्र चल (जी गोष्ट आपण बदलतो ती) कोणता आणि त्याच्या पातळ्या किती, अवलंबी चल (जी गोष्ट आपण मोजतो ती) कोणता आणि तो कोणत्या एककात मोजला, प्रत्येक सहभागीने सगळ्या याद्या केल्या की वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या. आपल्या उदाहरणात: यादीचा प्रकार हा स्वतंत्र चल, त्याच्या दोन पातळ्या, जुळणारी यादी (शब्द आणि शाईचा रंग एकच) आणि विसंगत यादी (शब्द एका रंगाचा, शाई दुसऱ्या), पूर्ण यादीचे रंग सांगायला लागलेला वेळ, सेकंदांत, हा अवलंबी चल, प्रत्येक सहभागीने दोन्ही याद्या केल्या. स्वतंत्र चल आणि अवलंबी चल यांची अदलाबदल झाली तर परीक्षकाला पुढचं सगळं संशयाने वाचावं लागतं, म्हणून ही वाक्यं दोनदा तपासा.

त्याच माणसाने दोन्ही याद्या केल्या की क्रमाचा प्रश्न उभा राहतो. सगळ्यांनी जुळणारी यादी आधी केली असेल, तर दुसऱ्या यादीला लागलेला जास्तीचा वेळ थकव्याचाही असू शकतो. विसंगत यादी सगळ्यांनी आधी केली असेल, तर दुसऱ्या वेळी सरावाचा फायदा मिसळतो. म्हणून अर्ध्या सहभागींना एक क्रम आणि उरलेल्यांना उलटा क्रम देतात. ‘क्रम संतुलित केला’ एवढं लिहिणाऱ्याला थोडे गुण मिळतात. कोणाला कोणता क्रम कसा दिला आणि तसं का केलं, हे लिहिणाऱ्याला पूर्ण. ‘का’ हा शब्द पद्धतीच्या भागातसुद्धा गुण मिळवून देतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

सहभागींविषयी लिहिताना संख्या, वयाची सरासरी आणि पल्ला, त्यांना कसं निवडलं, आणि या प्रयोगाला आवश्यक असलेली अट द्या. इथे रंग नीट ओळखता येणं आणि यादीतली भाषा सहज वाचता येणं या अटी आहेत. नावं कुठेच नकोत, परिशिष्टातही नकोत, क्रमांक वापरा. सहभागींची माहितीपूर्ण संमती घेतली, मध्येच थांबण्याची मोकळीक त्यांना दिली, प्रयोग संपल्यावर हेतू समजावून सांगितला, या गोष्टी दोन-तीन वाक्यांत आल्याच पाहिजेत. काही अभ्यासक्रमांत नैतिक बाबींचा उल्लेख नसेल तर अहवाल उत्तीर्णच धरत नाहीत.

पायरी ४: निकालात फक्त निकाल

निकालाच्या भागात स्पष्टीकरण देऊ नका. काय मोजलं, त्याचं वर्णन करणारे आकडे, मग कोणती सांख्यिकीय चाचणी आणि का, मग तिचा निकाल, आणि तो परिकल्पनेला धरून आहे की नाही याचं एक वाक्य. एवढंच.

समजा २० सहभागींचा प्रयोग झाला. जुळणाऱ्या यादीला सरासरी (मध्यमान) ४१.२ सेकंद लागले, प्रमाण विचलन (वेळा सरासरीभोवती किती पसरल्या ते) ७.१. विसंगत यादीला ५८.६ सेकंद, प्रमाण विचलन १२.३. हे आकडे उदाहरणापुरते कल्पित आहेत. कच्चा अहवाल इथे लिहितो: ‘विसंगत यादीला जास्त वेळ लागला, म्हणजे स्ट्रूप परिणाम सिद्ध झाला.’ चांगला अहवाल लिहितो: ‘विसंगत यादीला (मध्यमान ५८.६, प्रमाण विचलन १२.३) जुळणाऱ्या यादीपेक्षा (मध्यमान ४१.२, प्रमाण विचलन ७.१) जास्त वेळ लागला. सहसंबंधित नमुन्यांच्या टी-चाचणीनुसार हा फरक सार्थ होता, टी(१९) = ७.८४, पी < .००१, फरकांवरून काढलेला कोहेनचा डी = १.७५.’ या दोन वाक्यांत परीक्षकाला हवं ते सगळं आहे: दिशा, आकार, चाचणी, स्वातंत्र्यमात्रा (टीपुढच्या कंसातला आकडा, इथे सहभागींच्या संख्येपेक्षा एक कमी), संभाव्यता (पी), परिणामाचं मोठेपण (डी). ‘सार्थ’ म्हणजे निव्वळ योगायोगाचा मानणं कठीण जावं असा फरक.

पी-मूल्यापाशी, म्हणजे प्रत्यक्षात फरक नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याच्या संभाव्यतेपाशी, बरेच गुण सांडतात. संगणकाने .००० छापलं म्हणून तसंच उतरवू नका. संभाव्यता शून्य नसते, ती.००१ पेक्षा लहान आहे असं लिहितात. बाकी वेळी नेमका आकडा द्या, ‘.०५ पेक्षा कमी’ एवढ्यावर थांबू नका. .०५ ही सीमा १९२५ साली रोनाल्ड फिशर यांच्या पुस्तकातून रूढ झाली आणि त्यांनीही ती सोयीची म्हणूनच सांगितली होती; .०४९ आणि .०५१ यांच्यात निसर्गाने भिंत घातलेली नाही. ‘फार सार्थ’, ‘जवळजवळ सार्थ’ असे शब्द टाळा. आणि पी-मूल्य लहान म्हणजे परिणाम मोठा, असं कधीही लिहू नका. परिणाम केवढा आहे ते डी सांगतो. जेकब कोहेन यांनी .२ लहान, .५ मध्यम आणि .८ मोठा असे ढोबळ टप्पे दिले होते. ते आधार म्हणून वापरा, पण आपल्या विषयातल्या आधीच्या अभ्यासांशी तुलना केलीत तर ते जास्त वजनदार ठरतं.

तक्ता आणि आलेख दोन्हींत तेच आकडे देऊ नका. एक निवडा. आलेखाच्या अक्षांना नाव आणि एकक हवं, उंच खांबांच्या टोकाला असलेल्या रेषा प्रमाण विचलनाच्या आहेत की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती अनिश्चित आहे ते सांगणाऱ्या), हे आकृतीखाली लिहिलेलं हवं, आणि मजकुरात ‘आकृती १ पाहा’ असा उल्लेख हवा. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही तो आलेख परीक्षकाच्या लेखी नुसती सजावट असते. प्रत्येक सहभागीचे कच्चे आकडे आणि आकडेमोड परिशिष्टात ठेवा.

आता ज्याची विद्यार्थ्यांना सर्वात जास्त भीती वाटते ते: निकाल सार्थ आला नाही तर? काहीही बिघडत नाही. २०१५ साली शंभर प्रसिद्ध मानसशास्त्रीय अभ्यासांची पुनरावृत्ती करणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पाचे निष्कर्ष छापून आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांचेच सार्थ आले. व्यावसायिक संशोधकांच्या हातून, काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत हे घडतं. वर्गातल्या थोड्या सहभागींवर केलेल्या प्रयोगात फरक दिसला नाही तर परीक्षकाला नवल वाटत नाही. आकडे मात्र ओढूनताणून ‘बरोबर’ केलेले असतील तर ते कळतं. खऱ्या माणसांच्या आकड्यांत एखादा खूप हळू असतो, एखादा उलट दिशेने जातो, दशांश वेडेवाकडे असतात. वीसच्या वीस जणांत तोच नीटनेटका फरक दिसला की मी परिशिष्ट उघडून बघते. खोट्या आकड्यांचा प्रश्न मग गुणांपुरता राहत नाही, तो शिस्तभंगाचा होतो.

पायरी ५: प्रस्तावना रुंद सुरू करून परिकल्पनेवर आणा

प्रस्तावना म्हणजे विषयाचा इतिहास नाही. ‘मानसशास्त्र हे वर्तनाचं शास्त्र आहे’ या वाक्याने सुरू होणाऱ्या प्रस्तावना मोजण्यापलीकडच्या आहेत आणि त्या वाक्याला कोणीही गुण देत नाही. प्रस्तावनेचं काम एकच: शेवटच्या परिच्छेदातली परिकल्पना वाचणाऱ्याला अटळ वाटली पाहिजे. जो अभ्यास त्या परिकल्पनेकडे नेत नाही तो कितीही प्रसिद्ध असला तरी काढून टाका.

मूळ स्रोत वाचलेला विद्यार्थी इथे लगेच ओळखू येतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली छापलेल्या लेखाबद्दल असंख्य अहवालांत लिहिलेलं असतं की त्यांनी जुळणाऱ्या आणि विसंगत शब्दांची तुलना केली. त्यांनी तसं केलं नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात विसंगत शब्दांची तुलना नुसत्या रंगीत चौकोनांशी होती. शंभर चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले, तर शंभर विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. पहिल्या प्रयोगात त्यांनी उलट बाजू पाहिली होती: शब्दच वाचायचा, तर शाईचा रंग अडथळा करतो का? तो फारसा करत नाही असं दिसलं.

हा तपशील नुसता पांडित्याचा नाही. तुमच्या प्रयोगात जुळणारी यादी आहे, चौकोनांची नाही. मग दिसलेला फरक विसंगत शब्दांच्या अडथळ्यामुळे आहे, की जुळणाऱ्या शब्दांनी केलेल्या मदतीमुळे, की दोन्हींमुळे, हे तुमच्या आराखड्यातून वेगळं करता येत नाही. ही गोष्ट प्रस्तावनेत ओळखून चर्चेत तिच्याकडे परत येणारा अहवाल वरच्या श्रेणीत जातो. त्यासाठी जास्त पानं लागत नाहीत. एक मूळ लेख शांतपणे वाचावा लागतो.

परिकल्पना दिशा आणि मोजमाप यांसह लिहा. ‘शब्दांचा रंग ओळखण्यावर परिणाम होईल’ हे पुरेसं नाही. ‘विसंगत यादीचे रंग सांगायला जुळणाऱ्या यादीपेक्षा जास्त सेकंद लागतील’ हे तपासता येतं. शून्य परिकल्पना (‘काहीच फरक पडणार नाही’ अशी) वेगळी लिहायची की नाही, हे आपल्या अभ्यासक्रमाच्या सूचनांत पाहा.

पायरी ६: चर्चा

अहवालांमधला खरा फरक चर्चेत पडतो. पद्धत आणि निकाल मेहनतीने जवळपास सगळ्यांचे सारखे होऊ शकतात; सगळ्या वर्गाचे आकडे तर बरेचदा एकच असतात. चर्चा मात्र प्रत्येकाची स्वतःची असते.

सुरुवात निष्कर्षाच्या साध्या वाक्याने करा. आकडे परत देऊ नका. परिकल्पनेला पाठबळ मिळालं की नाही ते सांगा आणि ‘सिद्ध झालं’ हे शब्द टाळा. एका प्रयोगाने सिद्धांत सिद्ध होत नाही.

मग स्पष्टीकरणाकडे या. स्ट्रूप परिणामाचं सर्वात लोकप्रिय स्पष्टीकरण असं की वाचन ही रंग सांगण्यापेक्षा जलद क्रिया आहे, म्हणून शब्दाचं उत्तर आधी तयार होतं आणि वाट अडवतं. बहुतेक अहवाल इथे थांबतात. पुढे एक पाऊल टाकणाऱ्याने विचारावं: हे खरं असेल, तर वाचन मुद्दाम मंद केलं की अडथळा नाहीसा व्हायला हवा, नाही का? डनबार आणि मॅक्लाउड यांनी १९८४ साली शब्द उलटेसुलटे छापून वाचन रंग सांगण्यापेक्षाही हळू करून पाहिलं. अडथळा तरीही शिल्लक राहिला. म्हणजे नुसत्या वेगाच्या शर्यतीने काम भागत नाही. हे लक्षात आणून, ‘आमचे आकडे वेगाच्या स्पष्टीकरणाशी जुळतात, पण त्याला दुसऱ्या स्पष्टीकरणापासून वेगळं करू शकत नाहीत’ असं लिहिणारा विद्यार्थी काय करत असतो? तो पुरावा तोलत असतो. निकषपत्रकातल्या ‘चिकित्सक मूल्यमापन’ या शब्दांचा अर्थ एवढाच आहे.

मर्यादांच्या परिच्छेदात बहुतेक अहवाल सारखेच दिसू लागतात. ‘नमुना लहान होता. सहभागी सगळे विद्यार्थी होते. खोलीत आवाज होता.’ या तिन्ही वाक्यांना जवळपास काहीच गुण मिळत नाहीत, कारण ती कोणत्याही प्रयोगाला चिकटवता येतात. मर्यादा लिहिताना तीन गोष्टी सांगा: दोष नेमका कुठे, त्याने निकाल कोणत्या दिशेने सरकला असेल, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं. आपल्या उदाहरणात ‘वेळ हाताने मोजला’ ही मर्यादा घ्या. घड्याळ थांबवणाऱ्याच्या हाताला लागणारा क्षणभराचा उशीर दोन्ही याद्यांत साधारण सारखाच पडतो आणि १७ सेकंदांच्या फरकापुढे तो नगण्य आहे, म्हणून त्याने निष्कर्ष बदलत नाही. पण वेळ मोजणाऱ्याला परिकल्पना माहीत होती, आणि विसंगत यादीत त्याने घड्याळ नकळत उशिरा थांबवलं असण्याची शक्यता उरते. यादी माहीत नसलेल्या माणसाकडून ध्वनिमुद्रणावरून वेळ मोजून घेतला तर ती दूर होते. या तीन वाक्यांत एक मर्यादा फेटाळली आणि दुसरी गंभीरपणे घेतली. सगळ्या मर्यादा सारख्याच जड नसतात, हे कळणं म्हणजेच प्रयोग कळणं, असं मला मनापासून वाटतं.

सहभागींना प्रयोगाचा हेतू ओळखू येतो आणि ते त्याप्रमाणे वागतात, हा मुद्दा मार्टिन ऑर्न यांनी १९६२ साली मांडला. तो स्ट्रूपला लावायचा तर विचार करून लावा: मुद्दाम जलद होणं कठीण आहे, मुद्दाम हळू होणं सोपं. तुमच्या सहभागींनी हा प्रयोग आधी पाहिला होता का? नमुना सर्वसामान्य माणसाचं प्रतिनिधित्व करतो का, हा प्रश्नही तसाच. हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बरेच निष्कर्ष जगातल्या अगदी थोड्या, श्रीमंत आणि सुशिक्षित समाजांतल्या सहभागींवर उभे आहेत. हे वाक्य उसनं घेऊन थांबू नका. वाचनाचा सराव वेगळा असेल तर स्ट्रूपचा परिणाम कसा बदलेल, ते लिहा. नुकतं वाचायला लागलेलं मूल, किंवा दुसऱ्या भाषेतली यादी वाचणारा माणूस, यांच्याबाबत काय अपेक्षा कराल आणि का?

निकाल सार्थ आला नसेल तर चर्चेचं वजन वाढतं. परिणाम नाही, असं लगेच म्हणू नका. एवढ्या सहभागींत मध्यम आकाराचा परिणाम दिसण्याची शक्यता किती होती, मोजमाप पुरेसं बारीक होतं का, यादी इतकी सोपी होती का की सगळेच झटपट संपवत होते, हे एकेक तपासा. अशा अहवालांना मी अनेकदा वरची श्रेणी दिली आहे.

पायरी ७: सारांश, शीर्षक, संदर्भ

सारांशात हेतू, सहभागी, पद्धत, मुख्य निकाल, निष्कर्ष, प्रत्येकी एक-दोन वाक्यांत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीत तो साधारण २५० शब्दांपर्यंत असतो. शीर्षकात दोन्ही चल यावेत. ‘स्ट्रूप प्रयोग’ हे शीर्षक अपुरं आहे.

संदर्भांसाठी बहुतेक अभ्यासक्रम याच संस्थेच्या शैलीची सातवी आवृत्ती वापरतात, ती २०१९ साली आली. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आणि सूचीतला प्रत्येक मजकुरात, हे बोट ठेवून तपासा. मूळ लेख न वाचता पुस्तकातून त्याची माहिती घेतली असेल तर तसं प्रामाणिकपणे दाखवण्याची रीत आहे, ती वापरा. संगणकाच्या साहाय्यक साधनांनी सुचवलेले संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय देऊ नका. त्यातले काही लेख अस्तित्वातच नसतात, आणि परीक्षक ते शोधून बघतात.

गटाने केलेल्या कामाविषयी

आकडे गटाचे असतात, लेखन प्रत्येकाचं. साधनांचं वर्णन आणि प्रमाणित सूचना यांत थोडं साम्य येणारच, आणि साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरून कोणीही जाणता परीक्षक निकाल ठरवत नाही. तो जुळणारा मजकूर कुठला आहे ते पाहतो. चर्चेतला परिच्छेद मित्राच्या चर्चेशी जुळला तर मात्र उत्तर द्यावं लागतं. एकत्र बसून मुद्द्यांवर बोला, लिहायला वेगळे बसा. लेखनात साहाय्यक साधन वापरलं असेल तर अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणे ते नोंदवा.

निबंध आणि तोंडी परीक्षा

मानसशास्त्राचा निबंधही त्याच धाग्याने तपासला जातो. प्रश्नातलं क्रियापद पाहा: ‘वर्णन करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ यांना वेगळी उत्तरं लागतात, आणि दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर दिलं की निबंध मधल्या श्रेणीवर अडकतो. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा तुमच्याच अहवालातून प्रश्न काढतो. ही चाचणी का वापरली, हा क्रम का दिला, याची उत्तरं न वाचता देता आली पाहिजेत.

तपासलेला अहवाल परत आल्यावर

गुण पाहून अहवाल मिटवू नका. शेऱ्यांतले ‘अधिक खोलात जा’, ‘सांगड घाला’ असे मोघम शब्द निकषपत्रकातल्या कोणत्या ओळीशी जोडलेले आहेत ते शोधा. तरी कळलं नाही तर शिक्षकांकडे जा, पण ‘माझे गुण का कापले?’ असं विचारण्याऐवजी अहवालातला एक परिच्छेद दाखवा आणि विचारा, हा वरच्या श्रेणीत जायला यात नेमकं काय हवं होतं? अशा प्रश्नाला शिक्षक मनापासून उत्तर देतात. फेरतपासणीचा अर्ज करायचा असेल तर तो मुदतीत करा आणि त्यात निकषपत्रकाची ओळ व तिच्याशी जुळणारा आपल्या अहवालातला पान क्रमांक लिहा. बेरजेची चूक किंवा न तपासलेलं पान असेल तर ते आधी सांगा. त्याची दुरुस्ती सर्वात लवकर होते.